हँडब्रेक लावू नये

आमच्या सोसायटीत एक नियम होता आणि तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडी लावली की गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि हँडब्रेक लावायचा नाही. मागच्याला आपली गाडी काढायची असेल तर तो पुढची गाडी हाताने ढकलून वाट करून घेई, तुम्हाला चौथ्या मजल्यावरून खाली बोलावत नसे. गाडी लावून किंवा ढकलून झालं की चाकाखाली दगड द्यायचा, कारण आमच्या पार्किंगला गेटच्या बाजूला उतार आहे. त्यासाठी भिंतीच्या कडेला बांधकामाच्या वेळच्या उरलेल्या विटा आणि दोन-तीन पेव्हर ब्लॉक ठेवलेले असत. नवीन कुटुंब राहायला आलं की कोणीतरी जिन्यात भेटून सांगायचं, "हँडब्रेक लावू नका बरं का," आणि एवढ्यावर काम भागायचं. ऑटोमॅटिक गाड्या ढकलता येत नाहीत, म्हणून त्या सगळ्यात आत, भिंतीला लागून लावायच्या, हेसुद्धा असंच ठरलेलं होतं. म्हणजे ठरवलं कोणीच नव्हतं.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लिहिलेल्या गोष्टीवर माझा विश्वास आहे. ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असतं, मापाशेजारी किती कमी-जास्त चालेल ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्या बाहेर गेलेला भाग मी लाल पेटीत टाकतो. भाग कोणी बनवला, त्याचा त्या दिवशी मूड कसा होता, हे मी विचारत नाही. माझ्या मते न्याय याहून वेगळा नसतो.

पिंपळे गुरवमधली आमची इमारत जुनी. चोवीस फ्लॅट, आणि नकाशाप्रमाणे अठरा गाड्यांची जागा. जमिनीवर पिवळ्या रंगात एक ते अठरा आकडे होते. गाड्या सत्तावीस झाल्या होत्या. उरलेल्या बाहेर रस्त्यावर असत, आणि त्यावरून जी भांडणं होत ती आमच्याच नव्हे, आसपासच्या प्रत्येक सोसायटीतली रोजची आहेत. मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पार्किंगच्या जमिनीला नवा रंग दिला आणि त्याखाली आकडे गेले. नंतर आकडे टाकायचे होते, पण तेवढ्यात कमिटीची मुदत संपली आणि नव्या कमिटीसाठी एकही अर्ज आला नाही. चेअरमन होणं म्हणजे स्वतःच्या खर्चाने शिव्या विकत घेणं, असं जुने चेअरमन म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. त्यामुळे काही महिने आम्हाला कमिटीही नव्हती आणि आकडेही नव्हते.

मला वाटलं, आता इथे मारामाऱ्या होणार.

झालं उलटंच. पहाटेच्या शिफ्टला जाणारे आपोआप गेटजवळ गाडी लावू लागले. हिंजवडीला जाणारी आयटीतली मुलं उशिरा निघतात, ती आत लावू लागली. कोणाची शिफ्ट कधी बदलते, कोण रविवारी गावाला जातो, हे सगळ्यांना माहीत झालं. छोट्या गाड्या एकमेकींना चिकटून बसू लागल्या. एके रात्री मी मोजलं तर आत तेवीस गाड्या होत्या. आखलेल्या जागेत अठरा मावत होत्या, न आखलेल्या जागेत तेवीस. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. क्वालिटीतल्या माणसाला एका मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही.

तेविसातली एक गाडी पिवळ्या पाटीची होती. दुसऱ्या मजल्यावर लातूरकडचा एक भाडेकरू राहत होता, बायको आणि पाचवीतली मुलगी. तो हिंजवडीच्या कंपन्यांतल्या लोकांना ने-आण करणारी कॅब चालवायचा, गाडी त्याची स्वतःची, कर्जावरची. आकडे होते तेव्हा त्याला आत जागा नव्हती, कारण आकडे मालकांचे. रस्त्यावर लावलेल्या त्याच्या गाडीची एकदा बॅटरी गेली होती, एकदा स्टेपनी. आकडे गेल्यावर तो आत येऊ लागला. त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा विचित्र, त्यामुळे सगळ्यांनी त्याला गेटजवळची जागा सोडायला सुरुवात केली. त्याच्या बदल्यात तो कोणाची गाडी अडकली की ढकलून द्यायचा, कोणाची बॅटरी उतरली की वायर लावून चालू करून द्यायचा. हे काही ठरलेलं नव्हतं, पण चाललं होतं.

हे सगळं आमच्या मुलीच्या डोळ्यांत भरलं. ती राज्यशास्त्रात एम.ए. करत होती आणि तिच्या लघुप्रबंधाचा विषय होता अराज्यवाद. पहिल्यांदा जेवताना तिने विषय सांगितला तेव्हा मी म्हणालो, अराजक म्हण, अराज्य हा शब्द मी ऐकलेला नाही. तिने पोळी ताटात ठेवली.

"बाबा, हीच तर गोची आहे. आपल्याकडे राज्य नसणं आणि गोंधळ असणं याला एकच शब्द वापरतात. मग वाद सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो."

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माणसांना एकत्र राहायला वरून हुकूम देणारं कोणी लागत नाही. माणसं एकमेकांशी बोलून, एकमेकांची गरज ओळखून नियम तयार करतात आणि पाळतात. हुकूम देणारा आला की माणसं आपसात बोलणं बंद करतात आणि त्याच्याकडे तक्रारी घेऊन जातात. मग तो म्हणतो, बघा, माझ्याशिवाय यांचं चालत नाही.

बायको म्हणाली, तू एकदा घरात चार दिवस कोणी काही सांगितल्याशिवाय कामं करून दाखव, मग मी तुझा प्रबंध वाचते. मुलगी हसली, पण भांडी तिनेच घासली.

मी तिला उत्तर म्हणून चाकणचा चौक सांगितला. आमची कंपनीची बस रोज त्या चौकातून जाते. कांद्याचे ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बसेस, दुचाकी, सगळं तिथे एकत्र येतं. सिग्नल बंद पडला की काय होतं ते मी खिडकीतून अनेकदा पाहिलं आहे. वाहनं थांबत नाहीत. उलट सिग्नल चालू असताना लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागतो. हे तिच्या बाजूचं झालं. पण सिग्नल बंद असला की पायी माणूस रस्ता ओलांडू शकत नाही. कंटेनर ट्रककडे बघतो, ट्रक बसकडे बघतो, बस दुचाकीला जेमतेम बघते, आणि पायी माणसाकडे कोणी बघत नाही. हिरवा दिवा लागतो तेवढेच क्षण त्याचे असतात, आणि ते कोणीतरी वरून दिलेले असतात.

यावर तिने माझंच एक हत्यार माझ्यावर चालवलं. मीच तिला मागे सांगितलं होतं की आमच्याकडे एकदा कामगारांनी संप न करता नुसतं नियमाप्रमाणे काम केलं होतं. कामाच्या पद्धतीच्या तक्त्यात जे लिहिलंय तेवढंच, त्याच क्रमाने. प्रत्येक भाग प्रत्येक वेळी पुसायचा, प्रत्येक वेळी मापाचं गेज साफ करायचं, जमिनीवर तेलाचा थेंब दिसला की मशीन बंद. उत्पादन निम्म्यावर आलं, आणि आम्ही कोणावरही कारवाई करू शकलो नाही, कारण तक्ते आम्हीच लिहिले होते.

"म्हणजे रोज कारखाना कशावर चालतो, बाबा? तुमच्या तक्त्यावर की ती माणसं तक्त्याबाहेर जे करतात त्यावर?"

त्या रात्री मी एवढंच म्हणालो की तक्ता नसता तर मशीनमध्ये कोणाचा हात कधी गेला हेही कळलं नसतं.

आमच्या वादात तिसरा माणूस होता. तळमजल्यावरचे आजोबा. ही इमारत ज्या जमिनीवर आहे ती त्यांच्या घराण्याची. जमीन देऊन दोन फ्लॅट घेतले, आणि नोकरीची सगळी वर्षं पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात काढली, युनियनमध्येही होते. संध्याकाळी मीटरच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत. आमची मुलगी त्यांच्याशी तासन् तास बोलायची. एकदा मी कामावरून आलो तेव्हा ती त्यांना समजावत होती की तुमच्या गावातसुद्धा राज्य नसताना किती चालायचं. इर्जिक घालायचे, सगळ्यांचे बैल एकाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या, मोबदला म्हणून नुसतं जेवण. हेच ते अराज्य.

आजोबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "इर्जिक व्हती, पोरी. ग्वाड जेवान व्हतं. पर इर्जिकीला कुणाला बोलवायचं आन कुणाला न्हाई, त्ये बी ठरल्यालं व्हतं. लिवल्यालं न्हवतं, एवढंच."

मुलीला कळलं होतं, मलाही कळलं होतं. गावाबाहेरच्या वस्तीतला बैलवाला कधी त्या पंगतीत नसायचा.

आजोबा पुढे म्हणाले की त्यांना मोठ्या गोष्टी कळत नाहीत, पण त्यांचा एक हिशेब आहे. चेअरमन चोर असला तरी चालेल, युनियनचा पुढारी विकला गेलेला असला तरी चालेल, पण एक माणूस पाहिजे. "शिव्या घालायला तरी एक माणूस पायजे का न्हाई? त्येच्या दारात जाऊन उबं ऱ्हाता आलं पायजे. सगळ्यांचंच राज म्हनल्यावर कुणाच्या दारात जायचं?"

मुलगी म्हणाली, आजोबा, दारात जायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था करायची आहे. ते म्हणाले, मंग बरंय, आणि पाय वर घेऊन बसले.

वेळ आली ती आजोबांवरच.

एका सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन गेटमधून आत येत होते. कॅब उतारावरून मागे आली. कोणीतरी आपली गाडी काढण्यासाठी ती ढकलली होती आणि चाकाखाली दगड न देता निघून गेलं होतं. वेग फार नव्हता. पण बंपर गुडघ्याखाली लागला आणि आजोबा गेटच्या रुळावर पडले. पायाचं हाड मोडलं. कॅबवाला त्या वेळी वर झोपलेला होता, रात्रीची फेरी करून आलेला. तोच त्यांना उचलून आपल्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला.

गाडी कोणी ढकलली ते आजही कळलेलं नाही. वॉचमन तेव्हा मागे पाण्याचा पंप चालू करायला गेला होता. सीसीटीव्हीच्या देखभालीचा करार संपला होता आणि नव्या करारावर सही करायला कमिटी नव्हती. आम्ही एकमेकांना विचारलं. त्या वेळी निघणाऱ्यांपैकी प्रत्येकाने सांगितलं की माझी गाडी बाहेरच्या ओळीत होती, मला कोणाची ढकलावी लागली नाही. सगळ्यांचं खरं असेल तर गाडी आपोआप हलली, आणि न्यूट्रलमधली गाडी उतारावर इतका वेळ थांबून मग आपोआप हलते, हे मला मान्य नाही.

त्याच दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की उतारावर हँडब्रेक न लावता कमर्शियल गाडी सोडणं हा निष्काळजीपणा आहे. दुसऱ्याने लिहिलं की मुळात पिवळी पाटी आत येतेच कशी. खाली अंगठे उमटू लागले. मी लिहिलं की हँडब्रेक न लावणं ही आपल्या सर्वांची पद्धत आहे, माझ्याही गाडीला आत्ता हँडब्रेक नाही. त्यालाही तीन अंगठे आले. मग कोणीतरी लिहिलं, "तर सर्वांचं ठरलं आहे की उद्यापासून पिवळी पाटी बाहेर." मी विचारलं, कोणी ठरवलं. उत्तर आलं, सर्वांनी. मी अंगठे मोजले होते. चोवीस फ्लॅटमधले अकरा. मी तसं लिहिलं. उत्तर आलं, बाकीच्यांनी नाही म्हटलेलं नाही.

कॅबवाला त्या ग्रुपवर नव्हता. ग्रुप मालकांचा होता. भाडेकरूंना त्यात घ्यायचं नाही, असंही कधी ठरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची गाडी आत येईना, कारण गेटजवळच्या त्याच्या जागेत कोणीतरी दोन बाइक आडव्या लावल्या होत्या, हँडल लॉक करून. तो आमच्याकडे आला. बायकोने पाणी दिलं, तो बसला नाही.

"सर, वॉचमन म्हणायलाय की ठरलंय. कुणी ठरवलं तेवढं सांगा. मी जाऊन भेटतो, हात जोडतो, काय चुकलं असंल तर दंड भरतो. पण मी कुणाला भेटू?"

मुलगी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. त्याला सांगण्यासारखं एकही नाव माझ्याकडे नव्हतं. अकरा अंगठ्यांपैकी प्रत्येकाने सांगितलं असतं, माझं काही नाही हो, सगळ्यांचं म्हणणं पडलं. आणि ते खोटं नसतं.

त्याचं काय पणाला लागलंय हे आम्हाला माहीत होतं. गाडी रस्त्यावर ठेवायची तर बॅटरी-स्टेपनीच्या काळजीने झोप नाही. झोप नाही तर पुढची रात्र गाडी चालवता येत नाही. पार्किंग असलेलं भाड्याचं घर या भागात त्याच्या आवाक्यात नव्हतं. मोशीपलीकडे, चाकणच्या वाटेवर मिळालं असतं, पण मुलीची शाळा इथे, आणि बायकोचं जवळच्या पाळणाघरातलं काम इथे.

तो गेल्यावर मी मुलीला म्हणालो की बघ, हे तुझं अराज्य. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून झालं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली की बाबा, हे अराज्य नव्हतंच. मालकांचं राज्य होतं, फक्त त्याची पाटी पुसली गेली होती. ज्याच्यावर नियम लागू होणार, तो नियम करताना हजर पाहिजे, ही पहिली अट आहे. तो कधी हजर होता? तिचं म्हणणं होतं की सगळ्यांना, भाडेकरूंसह, बायकांसह, खाली पार्किंगमध्ये बोलवा. मत टाकायचं नाही, बहुमत नाही. जोपर्यंत त्याच्या तोंडावर त्याला सांगता येत नाही तोपर्यंत काही ठरवायचं नाही.

मी म्हणालो, माणसं येणारच नाहीत. आणि आली तरी ज्याचा आवाज मोठा त्याचं चालेल. बळी तो कान पिळी. मला लिहिलेला नियम हवा आहे, सहीसकट, म्हणजे तो माणूस नियमावर बोट ठेवून सांगू शकेल की ही माझी जागा.

"आणि नियमातच त्याची जागा नसली तर?"

मी म्हणालो की आपण नियमात घालू.

मी माणसांच्या मागे लागून निवडणूक घ्यायला लावली. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो. प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या आजोबांना मी हे सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "ब्येस झालं सायेब. आता शिव्या घालायला मानूस गावला." दोघंही हसलो.

मी नियमांचा मसुदा केला. उताराची टक्केवारी मोजली, ती अडीच निघाली. एका गाडीला किती जागा लागते ते मोजलं. हँडब्रेक लावणं सक्तीचं. अठरा आकडे पुन्हा टाकायचे. आणि एक कलम घातलं की मालकांच्या गाड्या लागल्यावर जी जागा रात्रीपुरती रिकामी असेल ती भाडेकरूला महिनाभराच्या परवानगीने द्यावी, गाडीच्या पाटीचा रंग न पाहता. मला ते कलम अगदी मापात वाटत होतं.

सभा गच्चीवर झाली. उपविधींप्रमाणे मत फक्त सभासदांना, म्हणजे कॅबवाल्याला बोलावता आलं तरी त्याला मत नव्हतं. मी त्याला बोलावलं होतं. तो आला नाही. त्याची फेरी होती. माझी मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिलाही मत नव्हतं. आजोबांना दोघांनी खुर्चीसकट वर आणलं.

त्या कलमावर चर्चा सुरू झाली. कोणीही त्या माणसाविरुद्ध काही बोललं नाही, हे मला नोंदवलं पाहिजे. सगळे म्हणाले, माणूस चांगला आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे, असं ते म्हणत होते. आज एक पिवळी पाटी, उद्या पाच, मग टेम्पो, मग फ्लॅटच्या किमती. ज्याने बाइक आडव्या लावल्या असाव्यात असं मला वाटतं, तोही म्हणाला, माणूस चांगला आहे.

आजोबा मध्येच बोलले. "पाय माजा मोडला. मी म्हनतोय त्या पोराची चूक न्हाई. मंग तुमी कुनाच्या पायाचा निकाल लावताय?"

एक-दोघांनी मान खाली घातली. मग नव्या चेअरमननी मतदान घेतलं. कलमाच्या बाजूने सहा, विरुद्ध तेरा. उरलेले आलेच नव्हते. तेरा म्हणजे ग्रुपवरच्या अंगठ्यांपेक्षा दोन जास्त, आणि या वेळी मला म्हणता येत नव्हतं की हे बहुमत नाही. हजर असलेल्यांचं होतं, आणि चोवीसमधलंही होतं. पद्धत पूर्ण बरोबर होती. सूचना वेळेत गेली होती, गणपूर्ती होती, इतिवृत्त मीच लिहिलं.

जिन्यातून उतरताना मुलगी माझ्या मागे होती. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, बघा, हे तुमचं राज्य. ती म्हणाली नाही. तिने आजोबांच्या खुर्चीचा एक पाय धरला होता आणि ती पायऱ्या मोजत उतरत होती, म्हणजे खुर्ची तिरकी होऊ नये.

नोटीस मी टाइप केली. गेटवरच्या फळ्यावर लावली, खाली माझी सही. "व्यावसायिक वाहनांना आवारात प्रवेश नाही. हुकमावरून, सेक्रेटरी." हा "हुकमावरून" शब्द मी का लिहिला ते सांगता येत नाही. आधीच्या सगळ्या नोटिसांवर असायचा.

दोन दिवसांनी बेल वाजली. तो होता. या वेळी तो बसला, चहाही घेतला. मी आधीपासून मनात तयारी करून ठेवली होती. मी सांगणार होतो की माझं मत तुझ्या बाजूने होतं, कलम मीच लिहिलं होतं, इतिवृत्तात ते आहे. आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असंही ठरवलं होतं. आजोबांच्या हिशेबाप्रमाणे त्यासाठीच तर मी होतो.

"सर, नोटीस बघितली," तो म्हणाला. "बरं झालं. आता कुणाला भेटायचं ते तर कळलं. तुमचा नाइलाज हाय, मला समजतं. मोशीकडं खोली बघितलीय. डिपॉझिटचं मालकांशी तेवढं बोला, एवढंच सांगायला आलो."

मी म्हणालो, बोलतो. त्याने कप स्वतः स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मुलीची शाळा वर्ष संपेपर्यंत इथेच ठेवणार, तो तिला सकाळी सोडणार, म्हणजे ती आता पहाटे उठणार. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तो शिव्या देईल म्हणून मी शेवटपर्यंत, तो जिन्याच्या वळणाआड जाईपर्यंत, दारात उभा होतो.

आमची मुलगी तिच्या प्रबंधात पार्किंगवर एक प्रकरण लिहिणार होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली की काढून टाकलं. का, तर तिच्या मार्गदर्शकांना ते उदाहरण फार लहान वाटलं असं आधी सांगितलं. मग म्हणाली, "तसं नाही. तेवीस गाड्या मावत होत्या हे खरं आहे आणि त्याला हाकललं हेही खरं आहे. दोन्ही एका प्रकरणात बसेनात." अराज्यावरचा तिचा विश्वास गेला असं मला वाटत नाही. माझाही नियमांवरचा गेलेला नाही. पण आम्ही आता जेवताना त्यावर वाद घालत नाही, आणि बायको म्हणते, घरात हल्ली फार शांतता आहे.

तो घर सोडून गेला तो रविवार होता. टेम्पो बाहेर उभा होता, कारण व्यावसायिक वाहनांना आवारात प्रवेश नाही. सामान जिन्यातून पार्किंगमधून गेटपर्यंत हातांनी न्यायचं होतं. कपाट आलं तेव्हा ते दोन गाड्यांच्या मधून जाईना. त्यातली एक माझी होती, नव्याने रंगवलेल्या सात आकड्यावर, आकड्याच्या रेषेत. त्याने सवयीने खांदा लावून ती ढकलली. ती हलली नाही. त्याने पुन्हा ढकलली, मग हात झटकून वर बघितलं. मी गॅलरीत होतो.

"सर, चावी घेऊन येता का? हँडब्रेक हाय."

मी चावी घेऊन खाली गेलो. मुलगी आधीच खाली होती, कपाटाची एक बाजू धरून. मी हँडब्रेक सोडला, गाडी रेषेबाहेर काढली, आणि कपाट जाईपर्यंत आत बसून पायाने ब्रेक दाबून ठेवला. भिंतीच्या कडेला विटा अजून तशाच होत्या. कपाट गेटबाहेर गेल्यावर त्याने वळून हात केला, मी काच खाली घेतली, पण तो तेवढ्यात टेम्पोवाल्याशी दोर बांधण्यावरून बोलायला लागला होता. मी गाडी पुन्हा सातवर लावली.